काडतुसांना ओल लागू नये म्हणून

लग्न होऊन मी कोयनेच्या खोऱ्यात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात चुलीच्या वर टांगलेली एक कापडी पिशवी माझ्या नजरेस पडली. आढ्याला दोरी, दोरीला पिशवी, धुरानं काळीभोर झालेली. मला वाटलं बियाणं असेल. आमच्या माहेरी, आटपाडीच्या अंगाला, आई दोडक्याचं आणि भोपळ्याचं बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायची. इकडं पाऊस फार, म्हणून धुरावर ठेवत असतील, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला आणि कुणाला काही विचारलं नाही. विचारायला तरी कोण होतं? सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेलेल्या. हे, म्हणजे माझे मिस्टर, लग्नानंतर बाराव्या दिवशी पलटणीत परत गेले होते. घरात मी आणि सासरे, दोघंच. सासरे दिवसभर शेतात. पाच महिने मी त्या पिशवीखाली बसून भाकरी थापल्या.

मे महिन्यात हे रजेवर आले. सकाळी आले, आंघोळ केली आणि माझ्याशेजारी पाट टाकून चहा प्यायला बसले. लग्नानंतर आम्ही दोघं एकटे असे बसलो होतो ते बहुधा पहिल्यांदाच. काय बोलावं ते मला सुचेना. यांनाही सुचत नसावं, कारण ते इकडंतिकडं बघत होते. बघता बघता नजर वर गेली.

"त्या पिशवीत काय हाय?"

"बी असंल," मी म्हणाले.

हे उठले, पिशवीला खालून हात लावला, आणि पुढच्या क्षणी पाण्याची कळशी उचलून सगळी चुलीत ओतली. धूर आणि राख घरभर झाली. माझा दुधाचा टोप आडवा झाला. मी ओरडणार, तेवढ्यात त्यांचा चेहरा दिसला. त्यांनी दोरी सोडली, पिशवी दोन्ही हातांत धरून अंगणात नेली आणि सावलीत ठेवली. आत बाराबोर बंदुकीची काडतुसं होती. तेवीस.

सासऱ्यांकडं पीक राखण्यासाठी परवान्याची बंदूक होती, हे मला ठाऊक होतं. आमच्या भाताला आणि नाचणीला रानडुकरांचा फार त्रास. बंदूक आतल्या खोलीत कुलपात असायची. काडतुसं कुठं असतात हा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

सासरे शेतातून आल्याआल्या यांनी त्यांना अंगणातच गाठलं.

"आबा, काडतुसं चुलीवर? काय डोकं-बिकं हाय का न्हाई?"

"मग कुठं ठेवू?" सासरे शांतपणे पाय धूत म्हणाले. "पावसात फुगत्यात ती. गेल्या साली दोन फुसकी निघाली. डुक्कर म्होरं हुबं, आन घोडा नुसता टक करतोय. वरीस होत आलं टांगून, काय बी झालं न्हाई."

"झालं असतं तर सांगायला कोण राहिलं असतं? आन ही रोज त्याच्या खाली बसतीया!"

ते वाक्य बोलताना यांनी माझ्याकडं हात केला. तो हात थरथरत होता. मी तेव्हा बावीस वर्षांची होते. पाच महिने मरणाखाली बसले होते याची भीती मला नंतर वाटली, दुपारी, भांडी घासताना. त्या क्षणी मात्र मी फक्त तो हात बघत होते. ज्या माणसाबरोबर मी सगळे मिळून बारा दिवस राहिले होते, त्याचा हात माझ्यासाठी थरथरतो आहे, एवढंच मला कळलं.

यांचं पलटणीतलं काम दारूगोळ्याच्या कोठारात. बंदुका चालवणारे वेगळे, तोफा ओढणारे वेगळे. यांचं काम पेट्या सांभाळायचं. कुठली पेटी कधीची, कुठली आधी काढायची, कुठलीला ओल लागली. लग्नाच्या वेळी माझ्या भावांना हे ऐकून जरा निराश वाटलं होतं. त्यांना वाटलेलं, जावई सीमेवर बंदूक घेऊन उभा असेल. मला त्या मे महिन्यात कळलं की हे काम काय असतं.

दुसऱ्या दिवशी हे एसटीनं कराडला गेले. येताना जाड काचेची, रुंद तोंडाची एक बरणी आणली, झाकणाला रबराचं कडं असलेली. शिवाय औषधांच्या दुकानातून निळ्या खड्यांची एक पुडी. मोहरीपेक्षा जरा मोठे, काचेसारखे खडे. नव्या बुटांच्या खोक्यात पांढऱ्या खड्यांची पुडी असते ना, तसलेच, पण निळे. "हे ओल पितात," हे म्हणाले. "प्यायले की गुलाबी पडतात. तापवले की परत निळे."

आमच्या माहेरी ओल पिणारं काही लागत नाही. तिकडं विहिरीच पाण्याला तहानलेल्या. पापड सकाळी घातला की दुपारी कडकडीत. मेंढरांची लोकर कोपऱ्यात वर्षभर पडून राहिली तरी तिला बुरशी येत नाही. म्हणून मला त्या खड्यांची गंमत वाटली. हे हसले. "जुलै येऊ दे," म्हणाले, "मग कळंल तुला."

तीन दिवस ते नुसते आभाळाकडं बघत होते. ढग असले की म्हणायचे, आज नको. चौथ्या दिवशी भर दुपारी, ऊन अंगाला चटके देत असताना, ओसरीवर घोंगडं अंथरलं. खडे त्यांनी आधीच घरामागं दगडांच्या वेगळ्या चुलीवर, एका जुन्या पत्र्यावर तापवून निळे करून, गार करून ठेवले होते. ती चूल विझवली, निखारे पाण्यानं मारले, आणि मगच काडतुसं बाहेर काढली. सासरे भिंतीला टेकून बसले होते. तोंडात तंबाखू, चेहऱ्यावर असा भाव, की बघू, काय शिकवतोय हा.

प्रत्येक काडतूस हे उजेडात फिरवून बघत. पितळेच्या बुडाला हिरवट डाग असेल, अंग फुगलेलं असेल, तर बाजूला. अशी सहा निघाली. ती परत वापरायची नाहीत, काडतुसांच्या दुकानदाराकडं जमा करायची, असं त्यांनी सासऱ्यांना बजावलं. उरलेली सतरा मी कोरड्या फडक्यानं पुसायची. हात घामेजला की हे म्हणायचे, थांब, हात पूस. हाताचा घामसुद्धा चालत नव्हता.

"मेणबत्ती लावून वरनं मेण गाळलं तर?" सासऱ्यांनी विचारलं.

"आबा, जाळ न्हाई म्हणलं ना. आन मेणाचं काय घेऊन बसलाय? ओल बाहेरनं येती ती नंतरची गोष्ट. आपण डबा बंद करताना आतच ठेवतो की तिला. दमट दिवशी झाकण लावलं तर वरनं किती बी टेप मारा, आत कोंडलेली ओल जाणार कुठं? म्हणून मे महिना. म्हणून दुपार."

बरणीच्या तळाशी खड्यांची पुरचुंडी, वर कागदात गुंडाळलेली काडतुसं, आणि काही खडे एका छोट्या जाळीच्या पिशवीत काचेला चिकटून, बाहेरून दिसतील असे. झाकण दाबून बसवलं, रबर नीट बसलं का ते बोटानं फिरून बघितलं, आणि वर काळी टेप. मग बरणी लोखंडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली सासऱ्यांच्या करगोट्याला.

चार दिवसांनी यांची रजा संपली.

जुलै आला आणि मला खरंच कळलं. आमच्याकडचा पाऊस पडत नाही, राहायला येतो. भिंती घामेजतात. मिठाचं पाणी होतं. माझ्या लग्नातल्या शालूवर पांढरे ठिपके आले, फोटोच्या काचेआड माझ्या कपाळावर बुरशी धरली. काडेपेटी पदरात गुंडाळून ठेवावी लागे. महिना महिना ऊन नाही. मी आटपाडीच्या उन्हासाठी रडायचे. आणि दर रविवारी सासरे लोखंडी पेटी उघडून मला हाक मारायचे, "सूनबाय, बघ गं."

मी काचेतून बघायची. खडे निळे.

फोनला रेंज मिळवायला आमच्या घरामागची टेकडी चढून वडाखाली जावं लागे. छत्री धरून, चिखलातून, मी रविवारी अकरा वाजता वर जायची. यांचा फोन कधी लागायचा, कधी नाही. लागला की बोलायला काय असायचं? मामंजींची तब्येत, गाईचं दूध. जे बोलावंसं वाटायचं ते मला बोलता यायचं नाही आणि त्यांनाही. मग मी म्हणायची, "निळेच हायत."

तिकडून वाऱ्याचा आवाज यायचा. मग ते म्हणायचे, "ऱ्हाऊ देत तसेच."

पहिल्या पावसाळ्यात आमचं जे काही प्रेम झालं ते एवढ्या दोन वाक्यांत झालं.

पुढची सात-आठ वर्षं आमची हीच रीत होती. दर मे महिन्यात बरणी उघडायची, खडे तापवायचे, काडतुसं पुसायची, परत बंद करायची. सासऱ्यांनी बंदूक या काळात किती वेळा चालवली? बोटावर मोजण्याइतकी. बहुतेक वेळा ते नुसते डबे वाजवून डुकरं हाकलत. पण काडतूस घातलं आणि ते फुसकं निघालं, असं परत झालं नाही. हे त्यांनी तोंडानं कधी कबूल केलं नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला मात्र सांगताना मी ऐकलं, "आमचा पोरगा सरकारी पद्धतीनं बंद करतो. तुला न्हाई जमायचं."

मधल्या काळात आम्हाला मुलगी झाली, ती शाळेत जायची झाली तेव्हा मी तिला घेऊन कराडला खोली केली. सासरे गावीच राहिले. मी दर शनिवारी जाऊन त्यांच्या आठवड्याच्या भाकरी, चटणी, धुणं बघून यायची. कराडला दिवस जाता जाईना. शेजारच्या बाईनं सांगितलं, औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात बायका पाहिजेत. काय बनवतात म्हणून विचारलं तर म्हणाली, "पत्र्याच्या पेट्या. मिलिटरीच्या."

मी दुसऱ्या दिवशीच गेले.

कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड. मालक साठीच्या घरातले, कमी बोलणारे, नाकावर चष्मा. पेट्या दुसरीकडून कापून-वाकवून यायच्या. आमच्याकडं झाकणाला रबराची पट्टी बसवायची, कड्या लावायच्या आणि पाण्यात तपासायच्या. मग त्या रिकाम्या पेट्या गाडीत भरून जिथं दारूगोळा भरतात तिथं जायच्या. आम्ही पाच बायका. पहिल्या दिवशी मालकांनी मला रबर बसवायला दिलं. मी पट्टीवरून बोट फिरवलं, कोपऱ्यात दुमडलेली होती, ती काढून परत बसवली.

"आधी कुठं काम केलंय?" त्यांनी विचारलं.

"घरीच," मी म्हणाले.

वर्षभरात मला टाकीवर घेतलं. कोमट पाण्याची लांबट टाकी. बंद पेटी त्यात पूर्ण बुडवायची आणि तीन मिनिटं बघत राहायचं. पाण्यानं पेटी गरम होते, आतली हवा फुगते, आणि कुठं सुईच्या टोकाएवढी फट असली तरी तिथून बुडबुडे सुटतात. पत्र्याला बाहेरून चिकटलेले बुडबुडेही असतात, ते बोटानं पुसले की जातात. फटीतला बुडबुडा पुसला तरी त्याच जागी परत येतो. काम एवढंच. पण तीन मिनिटं एका जागी बघत राहणं सोपं नसतं. मन जातं. माझं मन कुठं जायचं ते सांगायला नको. या पेटीतली ही हवा कराडची. ही पेटी भरेल, कुठल्या कुठं जाईल, आणि एक दिवस हे तिची कडी उघडतील, असं मला वाटायचं. त्यांच्याकडं हजार ठिकाणच्या पेट्या येत असतील, हे कळत होतं. तरी वाटायचं.

त्या वर्षी हे ईशान्येकडं डोंगरात होते. आपल्या कोयनेसारखाच पाऊस, असं ते सांगायचे, फक्त थंडी जास्त. जुलैत तिकडं दरड कोसळली आणि फोन बंद झाले. अकरा दिवस काही खबर नव्हती. बातम्यांत डोंगर दिसायचे, चिखल दिसायचा, माणसं दिसायची नाहीत. मी कामावर जात होते कारण खोलीत बसणं त्याहून वाईट होतं. मुलीला मी सांगितलेलं, बाबांच्या फोनची बॅटरी गेली आहे.

बाराव्या दिवशी दुपारी माझा हात पाण्यात, आणि पदरात बांधलेला फोन वाजला.

मी पेटी उचलून बाजूला ठेवली. तीन मिनिटं झाली होती का? मला माहीत नाही. झाकणावर 'पास'चा पिवळा ठिपका मारला आणि शेडबाहेर पळाले.

"बरा हाय," पहिला शब्द तोच आला. मग आवाज तुटत तुटत, "कोठारात पाणी शिरलं गं. सगळ्या पेट्या उघडून बघतोय. बऱ्याच वाचल्या. एका पेटीचं रबर कोपऱ्यात वळलेलं, एवढंच, तर आतलं सगळं हिरवं पडलं. वेळेला कुणी घेतलं असतं तर..." पुढचं ऐकू आलं नाही. मी रडत होते आणि हसत होते. "तुमी जेवला का?" एवढंच मला विचारता आलं. फोन तुटला.

टाकीवर परत आले तोवर दुसऱ्या बाईनं माझ्या बाजूच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या. मी उरलेला दिवस आनंदात काम केलं. घरी येऊन मुलीला जवळ घेतलं, गोड शिरा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना मला तो बुडबुडा आठवला. उजव्या कोपऱ्यात, कडीच्या खाली. फोन वाजला तेव्हा मी तो बघितला होता. चिकटलेला असेल, नाही तर सुटलेला. मी बोटानं पुसून बघितला नव्हता.

मी तशीच निघाले. कारखान्यासमोर गाडी लागली होती, पेट्या चढवून झाल्या होत्या, ड्रायव्हर दोर आवळत होता. मालक कागदांवर सह्या करत होते.

"साहेब, गाडी थांबवा," मी म्हणाले. "काल माझ्या हातनं एक पेटी बघायची राहिली."

"कुठली?"

"ते न्हाई सांगता यायचं. काल दुपारपास्नंच्या ऐंशी पेट्यांतली एक."

त्यांनी चष्मा काढला. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "बाई, गाडी तिकडं संध्याकाळी पोचायची आहे. तुम्ही ठिपका मारलाय ना?"

"मारला, पन बघितलं न्हाई. फोन आला हुता."

"कुणाचा?"

मी सांगितलं. कोठारात पाणी शिरल्याचं, रबर वळल्याचं, सगळं. ऐकताना ते माझ्याकडं न बघता गाडीकडं बघत होते. मग ड्रायव्हरला म्हणाले, "दोर सोड."

ऐंशीच्या ऐंशी पेट्या उतरवल्या. बाकीच्या बायका माझ्याशी बोलेनात. त्यांचाही दिवस त्यात गेला. मी टाकीपासून हलले नाही. एकेक पेटी, तीन मिनिटं, भिंतीवरच्या घड्याळात बघून. कडीच्या खालचा उजवा कोपरा प्रत्येक वेळी बोटानं पुसला. एकाही पेटीला त्या कोपऱ्यात फट निघाली नाही. म्हणजे माझा तो बुडबुडा नुसताच चिकटलेला होता. साठ झाल्या, सत्तर झाल्या. मला वाटलं, उद्यापासून इथं तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

बहात्तराव्या पेटीला डाव्या बाजूनं, बिजागरीच्या मागून, बुडबुड्यांची बारीक माळ सुटली. पुसली, परत आली. पुसली, परत आली. ही पेटी कधी माझ्या हाताखालून गेली, मला काहीच आठवत नव्हतं. तिच्यावरही माझाच पिवळा ठिपका होता.

मालक वाकून किती तरी वेळ ते बघत राहिले. "फोन शेडमध्ये आणायचा नाही," एवढंच बोलले. पुढं सगळ्यांसाठीच तो नियम झाला. मला कामावरून काढलं नाही.

रविवारी मी यांना सांगितलं.

"माझी आठवण काढत हुतीस, का पेटीकडं बघत हुतीस?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही."

"एका टायमाला एकच कर," ते म्हणाले. आवाज कडक होता. मग फोन ठेवायच्या आधी, अगदी हळू, "पेटी झाली की मग कर आठवण."

सासरे गेले ते त्यानंतरच्या दिवाळीच्या आधी. शेतातून आले, ओसरीवर टेकले आणि गेले. हे पोचायला तीन दिवस लागले. अग्नी यांच्या चुलतभावानं दिला. परवाना त्यांच्या नावचा, म्हणून बंदूक आणि काडतुसं पोलीस ठाण्यात जमा करायची होती. हे म्हणाले, तू पण चल. ठाण्यातल्या हवालदारानं बरणी टेबलावर ठेवली, टेपकडं बघितलं आणि म्हणाला, "काकडीचं लोणचं घातलंय का काय?"

यांनी टेप कापली, झाकण उघडलं. मे महिन्यात ती बरणी बंद करताना सासरे शेजारी बसून तंबाखू मळत होते. काडतुसं एकेक करून बाहेर आली, बुडं पिवळीधमक, नवी असावीत तशी. हवालदार मोजत होता, वहीत लिहीत होता. हे ताठ उभे होते. नऊ काडतुसं झाली, पोच मिळाली, आम्ही बाहेर आलो. बाहेर आल्यावर रिकामी बरणी हातात धरून ते पायरीवर बसले आणि घरी आल्यापासून पहिल्यांदा रडले. म्हणाले, "आबांच्या शेवटाला माझ्या हातनं झालं ते एवढंच, ही काडतुसं कोरडी ऱ्हायली." मी शेजारी बसून राहिले. एसटी गेली, दुसरी आली, ती पण गेली.

मग दहा-एक वर्षांनी यांची निवृत्ती आली. तिची मी इतकी वर्षं वाट बघितली होती की ती आली तेव्हा काय करावं ते मला कळेना. कराडच्या खोलीत यांची ट्रंक आली, बूट आले, पहाटे साडेचारला उठायची सवय आली. मी कामावर निघताना हे दारात उभे राहायचे. डबा तेच भरून द्यायचे. संध्याकाळी संगमावर फिरायला जायचो. घाटाच्या पायऱ्यांवर बसून शेंगा खायचो. नवऱ्याबरोबर बाजाराला जाणं, त्यानं पिशवी धरणं, भाजीवरून त्याच्याशी हुज्जत घालणं, या गोष्टी मला चाळिशीत पहिल्यांदा मिळाल्या. कधी कधी स्वयंपाक करताना मी वळून बघायची, ते खरंच मागं बसलेत का म्हणून.

पण त्यांच्या हाताला काम नव्हतं. मुलगी पुण्याला शिकायला गेलेली. गावची शेती चुलतभावाकडं. हे घरातले सगळे डबे काढून त्यांची झाकणं तपासायचे, परत ठेवायचे. चार दुकानांत नोकरीचं विचारून आले. कुठं वॉचमन, कुठं गोदामात. बोलायचे नाहीत, पण मला दिसायचं. एक दिवस जुन्या सोबत्याचा फोन आला. निवृत्त जवानांना परत घेतात, दारूगोळ्याच्या मोठ्या कोठाराच्या राखणीला. लांब, महाराष्ट्राबाहेर, रेल्वेनं दीड दिवस.

"जाऊ का?" त्यांनी मला विचारलं.

मी भाकरी थापत होते. "तुमचं तुमी ठरवा," मी म्हणाले. जाऊ नका, एवढे दोन शब्द होते. ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. निघाले असते तर ते थांबले असते, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आता तर पक्कं माहीत आहे. पण त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी उजेड आला होता, आणि तो मी माझ्या हातानं विझवू? नऊ महिने घरी राहून ते गेले. कराडच्या स्टेशनावर गाडीनं हॉर्न दिला तेव्हा त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, मी धरला, आणि गाडी हलल्यावर सोडायला मला जरा उशीरच झाला.

हे झालं दीड वर्षापूर्वी. गेल्या हिवाळ्यात मी दहा दिवसांची रजा टाकून एकटी त्यांच्याकडं गेले. राज्याबाहेर जायची माझी पहिलीच वेळ. तिथं सगळा माळ, खुरटी झाडं, कोरडी धूळ, माझ्या माहेरासारखं ऊन. एसटीसारख्या एका गाडीनं मला मोठ्या फाटकापाशी सोडलं. आत जायला परवानगी नाही, कुटुंबासाठीचं क्वार्टर यांच्याकडं नाही. फाटकावरच्या पोरसवदा जवानानं माझं नाव वहीत लिहिलं, सावलीत बाकडं दिलं. दोन तास बसले. मग हे लांबून चालत येताना दिसले. केस आणखी पिकलेले. वर्दीत, ताठ. जवळ आल्यावर म्हणाले, "लय वाळलीस."

"तुमी काय कमी वाळलाय?"

पाहुण्यांसाठी एक खोली होती, तिथं ड्यूटी सुटली की त्यांनी यायचं, परत जायचं, असे सहा दिवस आम्ही काढले. मी नेलेल्या बाजरीच्या भाकरी दोन दिवसांत संपल्या. मग मी तिथल्या वीटभट्टीवरच्या एका बाईकडून पीठ घेऊन तिच्या चुलीवर थापल्या. हे जेवताना मला तिथलं सांगायचे. आतलं काही नाही, ते ते कधीच सांगत नाहीत. मोरांचं सांगायचे, वाऱ्याचं, सोबत्याच्या गुडघ्याचं. शेवटच्या दिवशी दुपारी, ते परत आत जायला निघाले तेव्हा, मी वीस वर्षांत न बोललेलं बोलले.

"मला हितंच राहायचंय. न्हाई तर तुमी घरला चला."

ते थांबले. टोपी काढली, आत बघितलं, परत घातली. "क्वार्टरचा अर्ज देतो," म्हणाले. "आजच देतो. नंबर लागंपर्यंत वेळ जाईल."

"किती?"

"ते न्हाई सांगता यायचं."

अर्ज त्याच दिवशी दिला, त्याचा फोटो मला पाठवला. कराडला परत आल्यावर मी मालकांना सांगून ठेवलं की क्वार्टरचं पत्र आलं की मी काम सोडणार. ते म्हणाले, जा, पण टाकीवर बसणारी एक बाई तयार करून जा. म्हणून सध्या एका नव्या बाईला शेजारी बसवते. तिचा नवरा मुंबईला असतो. पेटी पाण्यात बुडवली की तीही कुठं तरी बघत बसते. मी तिला कोपरानं ढोसते आणि म्हणते, तीन मिनिटं इकडं बघ गं, मग काय ते कर.

पत्र अजून आलेलं नाही. पोस्टमन आमच्या गल्लीत साडेबाराला येतो, तेव्हा मी कामावर असते. घरमालकिणीला सांगून ठेवलं आहे. रोज संध्याकाळी जिन्यावर ती दिसली की मी काही विचारत नाही, नुसती तिच्याकडं बघते, आणि ती आडवी मान हलवते.